शाळकरी मुलासाठी साधा बटणाचा फोन: निवडण्यापासून सरावापर्यंत

चौथीपर्यंत शाळा वाडीतच असते. पाचवीला किंवा आठवीला हायस्कूल दुसऱ्या गावात येतं आणि मग एसटी, वडाप नाहीतर सायकल सुरू होते. शहरात स्कूल व्हॅन असते, शाळेनंतर क्लास असतो आणि आईवडील दोघंही कामावर. जून आला की घरोघरी एकच चर्चा: पोराला फोन द्यायचा का? स्मार्टफोन द्यायला मन धजत नाही, आणि काहीच न द्यावं तर संध्याकाळी सहाची एसटी आली नाही की जीव खालीवर होतो. हजार ते अडीच हजारांत मिळणारा बटणाचा फोन अशा बहुतेक घरांची गरज भागवतो.

पण तो दुकानातून आणून तसाच दप्तरात टाकला तर त्याचा फारसा उपयोग नाही. विकत घेणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. कोणते नंबर भरायचे, कोणतं बटण कशाला, मुलाने काय बोलायचं आणि पलीकडून फोन कोण उचलणार, हे ठरवायला एक निवांत संध्याकाळ काढावी लागते. खाली क्रम दिलाय तो त्याच हिशेबाने. ज्यांच्या घरी मुलासाठी पहिल्यांदाच फोन येतोय त्यांनी याच क्रमाने जावं.

आधी शाळेला विचारा

फोन घेण्याआधी शाळेचा नियम काय आहे ते विचारून घ्या. सीबीएसईने २००९ मध्येच परिपत्रक काढून शाळेच्या आवारात मोबाइलवर निर्बंध घालायला सांगितलं होतं, त्यामुळे त्या शाळांत सहसा साफ नकार ऐकू येतो. राज्य मंडळाच्या शाळांत बरंचसं मुख्याध्यापकांवर असतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीला एका प्रकरणात म्हटलं की शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी घालणं योग्यही नाही आणि जमण्यासारखंही नाही. शक्य असेल तिथे शाळेने फोन जमा करून घ्यावा आणि सुटताना परत द्यावा, असंही न्यायालयाने म्हटलं. तो निकाल दिल्लीतला आहे, आपल्या मुख्याध्यापकांना तो बंधनकारक नाही. पण बोलताना त्याचा आधार घ्यायला हरकत नाही.

तोंडी बोलू नका, एक पानाचा अर्ज द्या. अर्जात चारच गोष्टी लिहा: मूल कुठून कशाने येतं, फोन साधा बटणाचा असून त्यात कॅमेरा आणि इंटरनेट नाही किंवा बंद केलेलं आहे, शाळेच्या वेळात तो बंद करून वर्गशिक्षकांकडे किंवा दप्तरात राहील, आणि नियम मोडला तर शाळेने तो जप्त करून पालकांनाच परत द्यावा. शेवटचं वाक्य पालक सहसा लिहीत नाहीत, पण होकार मिळतो तो त्यामुळेच. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी मात्र फोन केंद्रावर नेऊच नका, परवानगी असो वा नसो.

रेंज बघा, मग सिम, मग फोन

बहुतेक लोक उलटं करतात. आधी फोन घेतात, मग घरात पडलेलं सिम त्यात घालतात आणि मग कळतं की घाटात रेंजच नाही.

मुलाचा रोजचा रस्ता एकदा स्वतः चाला. घर, एसटीचा थांबा, मधला निर्मनुष्य टप्पा, शाळेचं फाटक, क्लासची इमारत. प्रत्येक ठिकाणी घरातल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून कॉल लावून बघा. फक्त कांड्या मोजू नका, कॉल लावा. कांड्या दिसतात आणि आवाज जात नाही असं डोंगराळ भागात सर्रास होतं. कोकणातल्या खोऱ्यांत, मेळघाटात, भामरागडकडे किंवा धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात एखाद्या टप्प्यावर एकाच कंपनीचा टॉवर असतो. तिथे निवड टॉवरनेच करून ठेवलेली असते. शाळेच्या फाटकाशी आणि एसटीच्या थांब्याशी जे सिम चालतं ते घ्यायचं. घरात रेंज कमी असली तरी चालेल, घरी मूल तुमच्यासमोर असतं.

आता सिम आणि फोन यांची जुळणी. जिओचं नेटवर्क फक्त ४जी आणि ५जीवर चालतं, त्यामुळे साध्या २जी फोनमध्ये जिओचं सिम घातलं तर तो मुका बसतो. एअरटेल आणि व्हीआय अजून २जीवर चालतात. जिओभारतसारखे काही स्वस्त ४जी फोन त्याच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात. पुढे नंबर पोर्ट करायचा झाला तर फोनही बदलावा लागतो. बीएसएनएल वापरणार असाल तर सिम खिशात घेऊनच दुकानात जा, फोनमध्ये घालून कॉल लावून दाखवा म्हणा. आज नवीन फोन घेताना ४जी कॉलिंग असलेला बटणाचा फोन घेणं शहाणपणाचं, कारण २जी किती वर्षं राहील याचा भरवसा नाही.

दुकानात काय बघायचं

सगळ्यात कंटाळवाणा फोन निवडा. दुकानदार खुशीने सांगेल की याच्यात व्हिडिओ चालतात, यूपीआय चालतं, मेमरी कार्ड टाकता येतं. हल्ली काही बटणाच्या फोनवर यूट्यूबचे छोटे व्हिडिओही दिसतात, म्हणजे ‘बटणाचा’ म्हणून तो आपोआप साधा ठरत नाही. तुम्हाला हवं ते एवढंच: बटणं मोठी आणि वेगवेगळी जाणवणारी, आवाज रस्त्याच्या गोंगाटात ऐकू येईल एवढा मोठा, टॉर्च, आणि बॅटरी काढता येणारी.

बॅटरीचं जरा बघून घ्या. बटणाच्या फोनची बॅटरी साधारण हजार ते दीड हजार एमएएचची असते आणि फोन नवा असताना दिवसाआड चार्जिंगला लावला तरी भागतं. पण वर्ष-दीड वर्षात ती फुगली की लोक चौकातून मिळेल ती घालतात. फुगलेली बॅटरी दप्तरात, तीही वह्या-पुस्तकांच्या दाबाखाली, ठेवू नका. त्याच कंपनीची बॅटरी गावात किंवा तालुक्याला मिळते ना, हे फोन घेतानाच विचारा. चार्जरची पिनही घरातल्या बाकी चार्जरशी जुळणारी घ्या. रात्री चार्जर सापडला नाही म्हणून सकाळी फोन बंद, ही तक्रार रेंजच्या तक्रारीइतकीच ऐकू येते.

मिटणारा, म्हणजे फ्लिपचा फोन जरा महाग पडतो, पण दप्तरात त्याची बटणं आपोआप दाबली जात नाहीत. लहान मुलासाठी मी तोच सुचवेन.

फोनवर मराठी दिसतं का हे तपासायला सोपा उपाय आहे: दुकानात उभं राहून स्वतःच्या फोनवरून त्या फोनला मराठीत एक एसएमएस पाठवा. जोडाक्षरं नीट उमटली तर ठीक, चौकटी दिसल्या तर पुढचा फोन दाखवा म्हणा.

बिल घ्याच. आणि पैसे देण्याआधी *#०६# दाबा. पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक येतो. तो डब्यावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. शंका असेल, विशेषतः जुना फोन घेत असाल, तर इंग्रजीत केवायएम लिहून एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते उत्तरात कळतं.

सिम कुणाच्या नावावर

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही, ते पालकाच्याच नावावर निघतं. एका माणसाच्या नावावर देशभरात नऊपर्यंत सिम चालतात आणि तुमच्या नावावर किती आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. मुलासाठी नवीन काढण्याआधी तिथे नजर टाका. गावाकडे कॅम्पात काढलेली, कधीच न वापरलेली सिमं तिथे निघतात.

आणि एक काम मात्र अजिबात करू नका: बँकेला किंवा आधारला जोडलेलं जुनं सिम मुलाच्या फोनमध्ये घालू नका. घरात दुसरं सिम पडलंय म्हणून आईचं किंवा आजोबांचं तेच दिलं जातं. त्याच नंबरवर ओटीपी येतात, पीएम-किसानचे आणि शिष्यवृत्तीचे मेसेज येतात. फोन मैदानात हरवला तर फोनच्या किमतीहून मोठं प्रकरण होतं. मुलासाठी वेगळा, कशालाच न जोडलेला नंबर घ्या.

रिचार्जला हल्ली थोडा आराम आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला पॅक ठेवणं सक्तीचं केलं आणि जानेवारी २०२५ पासून असे पॅक मिळू लागले. मुदत वर्षभरापर्यंतची असते. दुकानदार आधी डेटावाला पॅकच सांगेल, तुम्ही ‘फक्त कॉलचा, लांब मुदतीचा’ असं मागा. दोन कामं एकदम होतात: नेट आपोआप बंद राहतं आणि दर महिन्याला रिचार्ज मारायचं लक्षात ठेवावं लागत नाही. मुदत संपली की आधी आउटगोइंग जातं, काही दिवसांनी इनकमिंगही. तुम्ही लावत राहता आणि फोन लागत नाही, तेव्हा सगळ्यात आधी रिचार्ज तपासा.

जाहिरातींचे कॉल बंद करायला त्या सिमवरून इंग्रजीत स्टार्ट लिहून, एक जागा सोडून शून्याचा आकडा टाकून १९०९ वर एसएमएस करा. मुलांना लॉटरीचे आणि कर्जाचे कॉल कमी येतील; अजिबात येणार नाहीत असं नाही.

नंबर भरणं

आता फोन घेऊन मुलासोबत बसा. तुम्ही भरू नका, त्याला भरू द्या, तुम्ही शेजारी बसा.

नंबर थोडेच ठेवा: आई, बाबा, शेजारचं किंवा नात्यातलं एक माणूस जे दिवसा हमखास फोन उचलतं, वर्गशिक्षक, शाळेचं ऑफिस, व्हॅनचे काका किंवा एसटी आगाराचा चौकशीचा नंबर. ते तिसरं माणूस महत्त्वाचं आहे. आई शेतात, बाबा कंपनीत शिफ्टला, आणि शिफ्टमध्ये मोबाइल गेटवर जमा. अशा घरात पहिले दोन नंबर दुपारी तीन वाजता लागतच नाहीत. म्हणून किराणा दुकानवाली मावशी, घरी असणारी आत्या किंवा शिवणकाम करणारी शेजारीण, जिचा फोन दिवसभर तिच्याजवळ असतो, तिला आधी विचारून तिचा नंबर टाका. विचारून टाका, म्हणजे अनोळखी नंबर दिसला म्हणून ती कट करणार नाही. मुलाचा नंबर तिच्या फोनमध्येही नावाने जतन करून द्या.

नावं नात्यानेच लिहा. ‘आई’, ‘बाबा’, ‘आत्या’. रस्त्यात कुणाला फोन सापडला किंवा मूल चक्कर येऊन पडलं तर कोणीही ‘आई’ला फोन लावेल, तिथे तुमचं पूर्ण नाव असेल तर लावणाऱ्याला अंदाज करावा लागतो. यादीत ही नावं वर राहावीत म्हणून आधी १, २, ३ आकडे टाका. फोनवर आणि सिमवर, दोन्हीकडे जतन करा.

मग स्पीड डायल. २ दाबून धरलं की आई, ३ ला बाबा, ४ ला तिसरं माणूस. १ सहसा व्हॉइसमेलसाठी राखीव असतो. ५ आणि ९ मोकळे ठेवा, का ते पुढे येतंच. फोनमध्ये एसओएसची, म्हणजे संकटात एकदम मदत मागायची वेगळी सोय असेल तर तीही भरा. बहुतेक ठिकाणी तिथे ठरलेले नंबर आणि एक मेसेज टाकता येतो. मेसेज छोटाच लिहा. मराठीतला एसएमएस ७० अक्षरांत संपतो, इंग्रजीत १६० मिळतात, आणि मराठीत काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते. ‘मला मदत हवी. लगेच फोन कर.’ एवढं पुरे.

नेट, ब्लूटूथ आणि गेम बंद करता येतील ते करा, बटणांचं आपोआप कुलूप चालू ठेवा. अनोळखी नंबर अडवण्याची सोय असेल तर मला विचाराल तर वापरू नका. व्हॅन बंद पडली, चालकाने दुसऱ्याच्या फोनवरून कॉल केला, तर तोच अडेल. त्यापेक्षा मुलाला एवढं शिकवा: अनोळखी माणसाला स्वतःचं नाव, शाळा, घरी कोण आहे यातलं काही सांगायचं नाही, आणि फुली-चौकट (* आणि #) असलेला कुठलाही नंबर दाब म्हणाला तर फोन ठेवून द्यायचा.

शेवटी एक चिठ्ठी. आई, बाबा आणि तिसऱ्या माणसाचे नंबर कागदावर लिहून, वर चिकटपट्टी मारून कंपासपेटीत. यातले दोन नंबर तोंडपाठ. बॅटरी संपल्यावर हीच कामाला येते.

११२: बटण आणि बोलणं

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये आणीबाणीचं बटण असायला हवं. बटणाच्या फोनवर त्यासाठी ५ किंवा ९ दाबून धरायचं असतं. स्मार्टफोनवर चालू-बंद करायचं बटण भराभर तीनदा. कॉल ११२ या आणीबाणीच्या नंबरला जातो. काही फोनमध्ये ही सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, म्हणून फोनसोबतचं पत्रक एकदा वाचा. ५ वर आत्याचा स्पीड डायल टाकला असेल तर दोन्हींची गल्लत होते, म्हणून ते मोकळं ठेवायचं. ५ च्या बटणावर बोटाला लागेल असा उंचवटा असतो, अंधारातही ते सापडतं.

हे बटण घरी ‘चालतंय का बघू’ म्हणून दाबू नका. चुकून लागलाच तर घाबरून कट करू नका. कॉल उचलू द्या आणि चुकून लागला असं सांगा. नुसता कट केला तर ते खरं संकट समजून उलट फोन करू शकतात.

आता बोलणं. महाराष्ट्रात ११२ चे कॉल गावच्या ठाण्यात उचलले जात नाहीत. ते नवी मुंबईतल्या, आणि जोडीला नागपुरातल्या केंद्रात उचलले जातात आणि तिथून जवळच्या पोलिस गाडीला निरोप जातो. म्हणजे पलीकडच्या माणसाला ‘मारुतीच्या देवळामागे’ हे कळणार नाही. स्मार्टफोनसारखं नेमकं ठिकाण बटणाच्या फोनवरून मिळेल असं धरून चालू नका. मुलाने तोंडाने सांगावं लागतं, आणि मोठ्याकडून लहानाकडे: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग खूण, आणि मग काय झालंय ते. ‘सातारा जिल्हा, पाटण तालुका, ढेबेवाडीच्या अलीकडे, पुलाजवळ, आमच्या जीपला अपघात झालाय.’ हा क्रम पाठ करून घ्या. नुसतं ‘पिंपळगाव’ म्हटलं तर नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर आहे, आणि राज्यात बाकीची पिंपळगावं वेगळीच. मुलांना आपला तालुका माहीत असतो असं आपण गृहीत धरतो. एकदा विचारून बघा.

खूण म्हणून किलोमीटरचा दगड, विजेच्या खांबावरचा आकडा, दुकानाची पाटी किंवा बसच्या मागचा नंबर चालतो. सांगून झाल्यावर फोन बंद करायचा नाही, ते ‘ठेवा’ म्हणेपर्यंत थांबायचं.

दुसरा नंबर १०९८. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली, आणि २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेत घेऊन ११२ शी जोडली आहे. चोवीस तास, फुकट. ११२ अंगावर आलेल्या संकटासाठी. कुणी त्रास देतंय, हात लावतंय, घरी सांगायची भीती वाटते, अशा गोष्टींसाठी १०९८. हा नंबर मुलाला तुमच्या परवानगीशिवाय लावता आला पाहिजे, आणि ‘तू कुणाला फोन केलास’ असं विचारलं जाणार नाही, हेही त्याला आधीच सांगून ठेवा.

सराव

एका रविवारी सराव करा. मुलाला बाहेर अंगणात पाठवा, तुम्ही आत. डोळे मिटून, फक्त बोटाने चाचपून, २ दाबून आईला फोन लागतो का? ओल्या हाताने? दप्तर पाठीवर असताना फोन किती वेळात हाताला लागतो? बहुतेक वेळा तो डब्याच्या आणि स्वेटरच्या खाली गेलेला असतो. फोनची जागा ठरवा, दप्तराचा बाजूचा चेनवाला कप्पा, आणि पावसाळ्यात तो झिपच्या पिशवीत. त्या पिशवीतूनही बटणं दाबता येतात.

मग खेळ म्हणून प्रसंग द्या. शेवटची एसटी चुकली, काय करशील? आई फोन उचलत नाही, पुढे कुणाला? ‘तुझ्या बाबांनी पाठवलंय, गाडीत बस’ म्हणून कुणी आलं तर? यासाठी घरातला एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा, आज्जीच्या म्हशीचं नाव असं काहीतरी. शब्द सांगितला नाही तर गाडीत बसायचं नाही, शाळेच्या आत परत जायचं आणि फोन लावायचा. एसटी चुकली तर काय करायचं याचं उत्तर एकच ठरवा. रस्त्यावर उभं राहून मिळेल त्या गाडीला हात करायचा नाही, शाळेत किंवा स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीपाशी थांबायचं आणि तिथून फोन.

रोजच्या निरोपाला मिस कॉल पुरेसा आहे. शाळेत पोचल्यावर एक मिस कॉल आणि फोन बंद. सुटल्यावर बसमध्ये बसली की एक. लागोपाठ दोन म्हणजे अडचण, उलट फोन कर. कॉल फुकट झाले तरी ही जुनी पद्धत मोडू नका: तुम्ही कामात असलात तरी पडद्यावर नोंद राहते आणि वर्गात कुणाचं बोलणं होत नाही. शाळेच्या वेळात तुम्हीही फोन करायचा नाही. मुलाला फोनची शिस्त लावणारे पालकच मधल्या सुट्टीत ‘डबा खाल्लास का’ म्हणून फोन करतात आणि मग शाळा सगळ्यांचेच फोन बंद करते.

दिसण्या-ऐकण्याची अडचण असलेल्या मुलांसाठी

इथे बटणाचा फोन स्मार्टफोनपेक्षा सरस ठरतो. कमी दिसणाऱ्या मुलाला काचेवर बोट फिरवण्यापेक्षा बटणं सोपी जातात, आणि दाबलेला आकडा मोठ्याने बोलणारे फोन मिळतात. दुकानात तेच मागा. २, ३, ४ च्या बटणांवर नेलपॉलिशचे एक, दोन, तीन थेंब वाळवले तर बोटाला फरक कळतो.

ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी व्हायब्रेशन जोरदार हवं आणि फोन मुलाच्या श्रवणयंत्राला लावून, कॉल चालू ठेवून घरघर येते का ते दुकानातच तपासा. बोलणं अवघड असेल तर तयार मेसेज जतन करून ठेवा: ‘मी पोचले’, ‘बस चुकली’, ‘घ्यायला या’. आणि अशा मुलाचा मेसेज आल्यावर उलट कॉल न करता मेसेजच करायचा, हे घरच्या सगळ्यांना सांगा.

शाळेचा एक सामायिक फोन

प्रत्येक घराला फोन परवडत नाही आणि प्रत्येक मुलाला द्यायलाही नको. शाळेतच एक साधा फोन ठेवला तर बरंच काम भागतं. आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत तर तो हवाच. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवा, सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशांतून, खर्च बसतो का ते मुख्याध्यापकांना विचारा, नाहीतर दोन-चार पालकांनी मिळून घ्यावा.

अडचण पुढेच येते. सिम शिक्षकांच्या नावावर निघतं, त्यांची बदली होते आणि सिमसोबत शाळेचा नंबरही जातो. पालकांच्या फोनमध्ये तीन शिक्षकांपूर्वीचा नंबर राहतो. सिम शक्यतो संस्थेच्या किंवा शाळेच्या नावाने काढा. ते जमत नसेल तर गावातच राहणाऱ्या समिती सदस्याच्या नावाने, आणि त्याची नोंद इतिवृत्तात. नंबर फाटकावर रंगाने लिहा.

फोन कुठे ठेवायचा हा खरा प्रश्न आहे. ऑफिसात ठेवला तर सुरक्षित राहतो, पण एखाद्या मुलीची तक्रार ऑफिसातल्याच माणसाबद्दल असेल तर? म्हणून फोनपाशी ११२ आणि १०९८ मोठ्या अक्षरात लिहा, आणि १०९८ ला लावताना मुलाला कारण विचारायचं नाही, नोंदवहीत नाव लिहायचं नाही, असा ठराव करा. बाकी कॉलसाठी वही ठेवा: तारीख, वेळ, कुणाला. फोन एका शिक्षिकेकडे आणि त्या नसतील त्या दिवशी दुसऱ्या ठरलेल्या व्यक्तीकडे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेत बसून मिटवता येत नाही.

वसतिगृहात घरी बोलायची वेळ वारानुसार वाटून द्या. रविवारी सगळ्यांनी रांग लावली की शेवटच्या मुलाला दोन मिनिटंही मिळत नाहीत आणि ते पहिलीतलं असतं.

हरवला तर

मुलाला आधीच सांगून ठेवा की फोन हरवला तर रागावणार नाही, पण त्याच दिवशी सांगायचं. चार दिवस लपवलं की त्या सिमवरून कोण काय करतंय ते कळत नाही.

पहिलं काम, कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून सिम बंद करणं. मग पोलिसांत तक्रार आणि त्याची प्रत. बिलावरचा आयएमईआय क्रमांक इथे लागतो, म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवा. मग त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम, आणि ते आल्यावर संचार साथीवरून हरवलेला हँडसेट ब्लॉक करा. तक्रारीची प्रत आणि ओटीपी दोन्ही लागतात. २०२३ पासून ही सोय देशभर आहे आणि ब्लॉक केलेला फोन कुठल्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही. वैताग आला म्हणून नवीन नंबर घेऊ नका. शाळेत, व्हॅनवाल्या काकांकडे, आत्याकडे जुनाच नंबर आहे, तोच परत काढा.

डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावरून एसएमएस जात नाहीत आणि येतही नाहीत. त्यामुळे हँडसेट ब्लॉक करायचा ओटीपी २४ तासांनंतरच येईल, आणि एसओएसचा मेसेजही त्या दिवशी पोचणार नाही. तो दिवस मुलाला स्वतः सोडायला आणि आणायला जा.